खड्ड्यातलं घर आणि किवा

कोलोराडो, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको. अमेरिकेच्या नैऋत्येला ही चार राज्यं एका बिंदूत मिळतात. पुएब्लो या इथल्या मूळ रहिवाशांचे पूर्वज या पठारांवर मका पिकवायचे.

कोलोराडोतल्या मेसा व्हर्दे पठारावर इ.स. 550च्या सुमाराला त्यांची घरं जमिनीत असत. आधी खड्डा खणायचा, त्यात चार मेढी रोवून तुळया टाकायच्या, कडेने तिरके वासे लावायचे आणि वरून काटक्या, माती. छपराच्या भोकातून धूर बाहेर जाई, त्याच भोकातून माणूस शिडीने आत उतरे. अशा घरात हिवाळ्यात ऊब असे, पण मेढी बुडाशी कुजत आणि ठिणगी उडाली की छप्पर पेटे.

750नंतर जमिनीवर कुडाच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे कुड गेला, दगड आला. लोखंड नव्हतंच. मऊ वालुकाश्म कठीण गोट्याने ठोकून घडवायचा, मातीच्या गाऱ्यात बसवायचा आणि सांध्यांत चिपा ठोकायच्या. या चिपा नीट पाहा. गारा वाळताना आकसतो, पावसात धुपतो. चिपा दगडाला टेकू देतात आणि माती अडवतात.

न्यू मेक्सिकोतल्या चाको खोऱ्यातली पुएब्लो बोनितो ही भलीमोठी दगडी इमारत सुमारे 850 ते 1150 अशी तीनशे वर्षं वाढत गेली. सहाशेहून जास्त खोल्या, मागच्या बाजूला चार मजले. भिंतीच्या दोन्ही अंगांना घडीव दगड, पोटात भर. तुळयांची लाकडं सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरच्या डोंगरांतून माणसांनी वाहून आणली. चाक नव्हतं, बैल नव्हते.

खोल्या वर आल्या, तरी खड्डा बुजला नाही. त्याचाच गोल, दगडी किवा झाला: विधींची आणि एकत्र जमण्याची जागा. त्याचं धाबं म्हणजेच वरचं अंगण. आत चूल पेटली की धूर वर चढतो आणि भिंतीतल्या उभ्या झरोक्यातून गार हवा खाली ओढली जाते. ती थेट चुलीवर आली तर राख उडेल, म्हणून मध्ये एक आडोसा. हवा त्याला वळसा घालून खोलीभर पसरते. जमिनीतलं छोटं भोक म्हणजे सिपापू. पूर्वज पाताळातून वर आले, त्या वाटेची ती खूण.

1200च्या सुमाराला मेसा व्हर्देतली वस्ती कड्यांच्या कपारींत शिरली. क्लिफ पॅलेस या अशाच एका कपारीतल्या वस्तीत दीडशेच्या आसपास खोल्या आणि तेवीस किवा आहेत. 1276पासून जवळजवळ पाव शतक दुष्काळ पडला, भांडणंही वाढली. 1300पर्यंत लोक दक्षिणेकडे निघून गेले. होपी, झुनी, आकोमा आणि रिओ ग्रांदेकाठची गावं त्यांच्या वंशजांची. तिथे किवाच्या छतातून शिडीची टोकं आजही वर आलेली दिसतात.