गायीची लाल लघवी आणि काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब

नमस्कार, पशुपालक बंधू-भगिनींनो.

जनावर तापानं फणफणलं की आपली पहिली मागणी इंजेक्शनची असते. पण इंजेक्शन कोणत्या जंतूवर द्यायचं? लाळ्या-खुरकूत, लंपी हे विषाणूंचे आजार. घटसर्प, फऱ्या, फाशी जिवाणूंचे. (फाशीचा संशय असेल तर मेलेलं जनावर फाडायचं नाही, हे जाता जाता पुन्हा सांगतो.) गजकर्ण बुरशीचं. जंत तर डोळ्यांना दिसतात. आज बोलायचंय ते रक्तातल्या एकपेशीय परजीवींबद्दल. पेनिसिलीननं विषाणू मरत नाहीत आणि हे परजीवीही मरत नाहीत. दोन्ही मरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

यांचा शोध कसा लागला ते ऐका. अमेरिकेत दक्षिणेकडची धडधाकट गुरं उन्हाळ्यात उत्तरेला नेली की ती स्वतः ठणठणीत राहायची, पण ज्या कुरणातून गेली तिथली उत्तरेची गुरं काही आठवड्यांनी लाल लघवी करत मरायची. गुराखी म्हणत, हा गोचिडांचा प्रताप. जाणकारांना ते पटत नव्हतं. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोघा संशोधकांनी मात्र गुराख्यांचं म्हणणं तपासून पाहिलं. 1889 साली नॉर्थ कॅरोलिनाहून गोचिडांनी भरलेली गुरं आणली. काही तशीच एका कुरणात उत्तरेच्या गायींबरोबर सोडली. बाकीच्यांच्या अंगावरचे गोचीड हातानं वेचून काढले आणि ती दुसऱ्या कुरणात सोडली. पहिल्या कुरणातल्या गायी आजारी पडल्या, दुसऱ्यातल्या नाहीत. मग तिसऱ्या कुरणात दक्षिणेचं एकही जनावर न सोडता नुसते गोचीड टाकले. तिथंही गायी आजारी! पुढची गंमत तर याहून मोठी. गोचिडाची अंडी प्रयोगशाळेत उबवली. त्यातून निघालेल्या पिलांनी कधी रक्त चाखलेलं नव्हतं. ती गायीच्या अंगावर सोडली, तरी तिला तोच ताप आला. म्हणजे रोग आईकडून अंड्यात उतरलेला होता. आजारी गायीच्या तांबड्या पेशींत नासपतीच्या आकाराचे जोडीजोडीनं बसलेले परजीवी दिसले. तेच बबेसिया. 1893 साली हे सगळं प्रसिद्ध झालं.

हाच गट आपल्याकडे संकरित गायींना छळतो. ताप 105-106 अंश फॅरनहाइट, डोळ्यांची आतली कड पांढुरकी, लघवी कॉफीसारखी, तर बबेसियाचा संशय घ्या. खांद्यापुढची गाठ सुजली असेल तर थायलेरियाचा, म्हणजे याच गटातल्या दुसऱ्या परजीवीचा. दोघांची औषधं वेगळी आहेत. आणि विलेल्या म्हशीची लघवी लाल, पण ताप नाही, तर बहुधा तिथं जंतूच नसतो, फॉस्फरसची कमतरता असते. म्हणून आधी थर्मामीटर, मग औषध.

खात्री होते ती रक्त पाहूनच. कानाची कड स्पिरिटनं पुसायची, वाळू द्यायची, सुईनं टोचून पहिला थेंब काचपट्टीवर घेऊन पातळ पसरायचा आणि हवेत वाळवायचा. थर जाड झाला की पेशी एकमेकींवर चढतात आणि काहीच दिसत नाही. हे सगळं औषध देण्याआधी. औषधानंतर घेतलेल्या नमुन्यात परजीवी सापडणं कठीण. आपल्या दूध संकलन केंद्रांवर फॅट मोजायला यंत्र असतं, सूक्ष्मदर्शक मात्र नसतो. माझं ठाम मत आहे, तो प्रत्येक केंद्रावर हवा.

आता गोचीड. गोचिडाची एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, आणि ती अंगावर नव्हे, गोठ्याच्या भेगांत. म्हणून नुसती गाय फवारून भागत नाही. 1.25 टक्के डेल्टामेथ्रिन एक लिटर पाण्यात 2 मिली घ्या. औषध पातळ केलं तर गोचीड मरत नाहीत, उलट त्याला सरावतात. आधी जनावराला पाणी पाजा, तोंडाला मुसकं बांधा, सावलीत फवारा. कानामागं, शेपटीखाली, मांड्यांच्या आत, कासेभोवती औषध पोहोचायला हवं. पाठीवर गोचीड कमीच असतात. त्याच दिवशी भिंतीच्या भेगा आणि गव्हाणीखालची जागाही फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा हेच सगळं, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. हातानं काढलेले गोचीड अंगणात टाकू नका, रॉकेलच्या डब्यात टाका.

ताप चढलेला दिसला की 1962 या क्रमांकावर फोन करा, आणि डॉक्टर येईपर्यंत गायीला उन्हात बांधू नका.