पोटाखालच्या टाकीतून धावलेली गाडी

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात उद्यमनगरात मी चाळीस वर्षं टाक्या बनवल्या. पाण्याच्या, दुधाच्या, डिझेलच्या. पत्रा कापायचा, रोलिंग मशीनमधून गोल काढायचा, शिवण जुळवायची, टाचे मारायचे, मग वेल्डिंग. आज मी तुम्हाला ज्या टाकीबद्दल सांगणार आहे ती मी बनवलेली नाही. ती अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धात, लढाऊ विमानांना लटकवण्यासाठी बनली होती. युद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी तिच्यात इंजिन बसवलं, चार चाकं लावली, स्वतः आत शिरून बसले आणि ती पळवली. अशी एक गाडी मी डोळ्यांनी पाहिली, हात लावून पाहिली. तेव्हापासून तिच्याबद्दल कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं.

आधी टाकीचं सांगतो. लढाऊ विमानाच्या पंखांत पेट्रोल मावतं ते थोडंच. लांबवर जाऊन परत यायचं तर जादा इंधन हवं. म्हणून पंखाखाली किंवा पोटाखाली वेगळी टाकी टांगत. आधी तिच्यातलं पेट्रोल वापरायचं आणि शत्रूचं विमान दिसलं की खटका ओढून ती खाली सोडून द्यायची. ही ड्रॉप टँक. बोलीभाषेत बेली टँक, पोटाखालची टाकी. १८ एप्रिल १९४३ला जपानी नौदलाचे सेनापती यामामोतो यांचं विमान अमेरिकन पी-३८ विमानांनी पाडलं. ती विमानं ग्वाडलकॅनाल बेटावरून समुद्राला लागून शेकडो मैल उडत गेली, ती याच टाक्यांच्या जोरावर. त्या दिवशी प्रत्येक विमानाखाली एक १६५ गॅलनची आणि एक तिच्या जवळपास दुप्पट मोठी, ३१० गॅलनची टाकी होती. आपल्या हिशेबात धाकटी सव्वासहाशे लिटरची आणि थोरली पावणेबाराशे लिटरच्या आसपास.

वाऱ्यात टांगलेली ही वस्तू विमानाला मागे ओढणार नाही, हे महत्त्वाचं. त्यामुळे तिचा आकार थेंबासारखा ठेवला: पुढे गोलसर, मध्ये जाड, मागे निमुळती होत गेलेली.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. पत्रा एका दिशेनं वाकवणं सोपं. कागदाची सुरळी करतो तसं. रोलिंग मशीन ते काम सहज करतं. पण थेंबाचा पत्रा दोन्ही दिशांनी वाकलेला असतो, लांबीतही आणि रुंदीतही. तिथे पत्रा कुठे ताणावा लागतो, कुठे आकसवावा लागतो. हातोडीनं ठोकत बसलं तर आठवडेच्या आठवडे जातात, आणि तरी उन्हात धरल्यावर ठोक्यांच्या खुणा दिसतात. आम्ही टाक्यांची घुमटासारखी टोकं, ज्यांना डिश एंड म्हणतो, ती तयारच विकत आणायचो, ती याचसाठी. कारखान्यात मोठे दाबयंत्र आणि साचे असल्याशिवाय तो आकार नीट निघत नाही. अमेरिकन सरकारनं युद्धासाठी असे साचे करून हजारो टाक्या काढल्या. युद्ध संपलं आणि त्या भंगारात आल्या. घराच्या मागच्या अंगणात गाड्या जोडणाऱ्या पोरांना जे कधीच बनवता आलं नसतं, ते तयार होऊन भंगाराच्या भावात समोर पडलं होतं.

हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं? त्याचं नाव बिल बर्क. युद्धात तो अमेरिकेच्या तटरक्षक दलात, दक्षिण पॅसिफिकमध्ये होता. तिथे त्यानं या टाक्या पाहिल्या आणि त्याला त्यांच्यात गाडी दिसली. त्या पोरांना वेगाचं वेड युद्धाच्या आधीपासूनचं. १९३७ साली दक्षिण कॅलिफोर्नियात त्यांच्या क्लबांनी मिळून एक संघटना काढली होती, आणि मोहावे वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर ते जुन्या फोर्ड गाड्या पळवत. छत काढायचं, मडगार्ड काढायचे, इंजिनात फेरफार करायचे, की झाली हॉट रॉड. युद्धातून परतल्यावर १९४६ साली बर्कनं १६५ गॅलनची टाकी घेतली. किंमत ३५ डॉलर सांगतात. पुढे इंजिन, मागे चालक. टाकी इतकी अरुंद की माणूस आत बसला म्हणण्यापेक्षा वर अडकला म्हणावं. तरी ती ताशी १३१ मैलांच्या वर गेली, म्हणजे २११ किलोमीटर.

बर्कनं मग पी-३८ची मोठी टाकी घेतली आणि मांडणी उलटी केली. चालक पुढे, नाकाजवळ. इंजिन त्याच्या पाठीमागे. टाकी मध्ये सर्वांत जाड, तिथेच इंजिनासारखी अवजड वस्तू मावली, आणि चालकाच्या पायांना पुढच्या निमुळत्या भागात जागा झाली. पुढच्या बहुतेकांनी हीच मांडणी धरली.

समोरून वारा असताना सायकल मारलेल्यांना हे लगेच कळेल. वेग दुप्पट केला की वारा चौपट अडवतो, आणि तो वेग टिकवायला ताकद मात्र आठपट लागते. १९३२च्या फोर्ड व्ही-८ची मूळ ताकद होती ६५ अश्वशक्ती. तिला फुगवून फुगवून किती फुगवणार? पण गाडी वाऱ्यातून निसटून जाणारी असेल, तर तेच इंजिन पुष्कळ काही करून दाखवतं. बरबँक गावात ॲलेक्स झिडियास यांचं सो-कॅल स्पीड शॉप होतं. पी-३८ विमानं बनवणारी लॉकहीड कंपनी त्याच गावातली. १९५२ साली झिडियास यांची टाकीची गाडी बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांनी धावली. ३१९ किलोमीटर, फोर्ड घराण्याच्या जुन्या धाटणीच्या व्ही-८ इंजिनावर! एकाच गाडीत वेगवेगळ्या आकाराची इंजिनं बदलून ती वेगवेगळ्या वर्गांत उतरवायचे. मला ही कल्पना फार आवडते. अंग एकच, हृदय बदलायचं.

मुलगी लॉस एंजेलिसजवळ राहते. तिच्याकडे गेलो तेव्हा जावईबापू म्हणाले, "बाबा, तुम्हाला एका ठिकाणी नेतो, तुमच्या आवडीचं आहे." पहाटे चारला निघालो. एल मिराज नावाचं कोरडं तळं. आपल्याकडे उन्हाळ्यात तलाव आटल्यावर तळाची माती जशी भेगाळते, तशी जमीन मैलोन्मैल सपाट. वर पिठासारखी धूळ. बूट टाकला की उडते आणि नाकातोंडात जाते. तिथे आजही मे ते नोव्हेंबर शर्यती होतात. शर्यत म्हणजे दोघांची चुरस नाही. एकानं एकट्यानं धावायचं, घड्याळाशी.

एका तंबूखाली ती होती. उघड्या चाकांची. अशा गाड्यांच्या वर्गाला लेकस्टर म्हणतात, म्हणजे तळ्यावरची. मी जवळ गेलो. मालक साठीचा असेल. मी खुणेनं विचारलं, हात लावू का? त्यानं मान हलवली. टाकीच्या कुशीतून आडवी शिवण जाते, पुढून मागपर्यंत. साच्यातून निघालेले दोन अर्धे भाग तिथे जोडलेले. मी अंगठा फिरवला. कारखान्याची शिवण एकसारखी होती, पण चालकाच्या जागेपाशी पत्रा कापून पुन्हा जोडला होता तिथे हातचं काम होतं, आणि चांगलं होतं. जावईबापूंनी माझं बोलणं त्याला इंग्रजीत सांगितलं, की मी टाक्या बनवणारा आहे. मग त्यानं वरचं झाकण उघडून आतलं दाखवलं.

आत विमानाचं काहीच उरलेलं नव्हतं. इंधन हिंदकळू नये म्हणून टाकीत जे आडवे पडदे असतात, ते कापून काढलेले. त्याजागी पाइपांचा सांगाडा, म्हणजे खरी चॅसी तीच. पत्रा तिच्यावर नुसता पांघरलेला. रेडिएटर नाही. नाकाला भोक पाडलं तर वारा आत शिरणार, म्हणून पाण्याची छोटी टाकी ठेवलेली. इंजिन चालणार मिनिट-दोन मिनिटं, तेवढ्यापुरतं ते पाणी पुरतं. सीटचे पट्टे आताचे होते, भक्कम. सुरुवातीच्या पोरांनी तेसुद्धा विमानाच्या भंगारातून आणले होते.

मला एक विचारायचंच होतं. एकेकाळी पेट्रोल भरलेली टाकी कापायची कशी? रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ राहते. उमेदीच्या काळात मी एका ठिकाणी काम करत होतो, तिथे कुणीतरी धुतलेलं पिंप म्हणून गॅस कटर लावला. झाकण छप्परातून वर गेलं. माझ्या शेजारच्या मुलाची तीन बोटं गेली. तेव्हापासून मी काठोकाठ पाणी भरल्याशिवाय जुन्या टाकीला ज्योत लावू दिली नाही. मालक म्हणाला, त्यानंही पाणीच भरलं होतं. आम्ही दोघंही क्षणभर गप्प राहिलो. धंदा एक असला की भाषा लागत नाही.

मग त्याची पाळी आली. त्याला आत बसवायला दोन माणसं लागली. खांदे आधी तिरके, मग पाय. वर फक्त हेल्मेट दिसत होतं. मागून पिकअप ट्रकनं रेटा दिला, कारण या गाडीला स्वतःहून जागेवरून उठायची सोय नसते. थोडं अंतर ढकलल्यावर इंजिनानं पेट घेतला, ट्रक बाजूला झाला, आणि मग फक्त आवाज. धुळीचा एक लांब पांढरा पट्टा जमिनीला चिकटून सरकत गेला. गाडी दिसेनाशी झाल्यावरही आवाज येत होता.

बऱ्याच वेळानं ती दोरानं ओढत परत आणली. सगळी धुळीनं माखलेली, मूळ रंग ओळखू येईना. मालक बाहेर निघाला, हेल्मेट काढलं. वेगाचा कागद त्याच्यासाठी कुणीतरी हातात धरून उभं होतं. त्यानं तो लगेच घेतला नाही. आधी वाकून, हातमोजा काढून, त्या कापून जोडलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं, कुठे उकलली तर नाही ना बघायला.