चित्र दे, पाणी घे

(स्वयंपाकघराची भिंत. कॅमेरा लेकराच्या उंचीवर.)

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातलं हे घर. भिंतीवर खाली, लेकराचा हात पोचेल अशी एक कापडी पट्टी ठोकलीय. तिच्यावर चित्रं : तांब्या, भाकरी, गूळ, झोका, मोटारसायकल. सगळे फोटो याच घरातले. तांब्यासुद्धा तोच, पोचा पडलेला. बाजारात तयार संच मिळतात, त्यात सफरचंद असतं. या घरात सफरचंद येतं ते कुणी आजारी पडलं तरच.

लेकरू साडेपाच वर्षांचं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. शब्द मोजकेच. टीव्हीवरची जाहिरात मात्र अख्खी म्हणतो, सुरासकट. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं या मुलांत पुष्कळदा दिसतं. पण जाहिरात म्हणून पाणी मिळत नाही. पूर्वी तो आईचं मनगट धरून फळीकडे ओढायचा. फळीवर माठ, डबे, बरण्या. आई एकेक उघडून दाखवायची, तोवर रडं सुरू.

(आई समोर, आजी मागे.)

आता हे नीट बघा. आईच्या हातात गुळाचा खडा आहे. ‘काय पाहिजे?’ असं ती विचारत नाही, मुद्दाम. लेकरू गुळाकडे झेपावतं तेवढ्यात आजी मागून त्याचा हात चित्राकडे वळवते, चित्र उचलून आईच्या तळहातावर ठेवायला लावते. आई ‘गूळ’ म्हणते आणि लगेच खडा देते. आजीनं बोलायचं नाही. तिला हेच सगळ्यात जड गेलं.

पुढे आजीचा हात ढिला होत जातो. आधी मनगट सुटतं, मग कोपर, मग ती नुसती मागे बसते. मग आई अंगणात जाऊन बसते, चित्र घेऊन तिथवर त्यानं यायचं. मग दोन चित्रं, एक आवडीचं, एक नावडीचं. कारल्याचं दिलं तर कारलंच मिळतं! ही पद्धत अमेरिकेत १९८५ साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी बसवली. तिला लागतात दोन माणसं आणि एक झेरॉक्सचं दुकान.

(बाजारपेठ. दुकान.)

वडील मोबाईलवरचे फोटो छापून घेतात, लॅमिनेशन करतात. पाठीमागे बुटाला असते ती चरचर वाजणारी पट्टी. कोपरे गोल कापायचे, कारण लेकरू चित्र चावतं.

चित्रं दिली की पोरगं बोलायचंच नाही, असं गावात बरेच जण म्हणतात. अभ्यास तसं सांगत नाहीत. चित्रांमुळे बोलणं अडत नाही, काही मुलांचं तर वाढतं. आजीचं म्हणणं आणखी सरळ आहे :

“बोलंल तवा बोलंल. तवर त्यानं तहानलेलंच ऱ्हावं का?”

लातूरला थेरपीसाठीच्या फेऱ्या आणि आईची सुटलेली नोकरी आमच्या चित्रणात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क मिळतो. जूनमध्ये पहिलीचा प्रवेश आहे.

(वावर. येळवस.)

येळवस. म्हणजे वेळ अमावास्या, वावरातला सण. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पांडवांची पूजा, बाहेर भज्जी, उंडे, आंबील, आणि अर्धं गाव. लेकराला मागच्या वर्षीच्या कोपीचा फोटो आठवडाभर आधीपासून दाखवला होता, म्हणून तो इथवर आला. पंगत बसली, आवाज वाढला, त्याचे हात कानांवर गेले. गळ्यातल्या नाडीला ‘बास’चं चित्र आहे, उताणा तळहात. ते त्यानं मावशीला दिलं. मावशीला काय ठाऊक! “किती छान हाय गं,” म्हणत त्यांनी ते परत त्याच्याच हातात दिलं. त्यानं पुन्हा दिलं.

वाढता वाढता आईनं पाहिलं.

“अक्का, त्याला गोंधळ बास झालाय. मोटारसायकलीपाशी ने त्याला!”

अक्का उष्ट्या हातानंच उठल्या.