हिवाळ्याची भाजी आषाढापर्यंत: वाळवण खरंच वाळलं का?

(गच्ची. सकाळचे साडेनऊ. खाटेवर पांढरं धोतर पसरलेलं, त्यावर वांग्याच्या काचऱ्या.)

राम राम मंडळी. आधी हा आवाज ऐका. (काचरी मोडते.) कटकन मोडली. आता ही दुसरी. (वाकवते.) वाकली, मोडली नाही. दोन्ही एकाच दिवशी, याच खाटेवर टाकल्या होत्या. पहिली आषाढापर्यंत आरामात टिकेल. दुसरी आज बरणीत गेली, तर बाकीच्या काचऱ्याही नासवेल. आजचा सगळा व्हिडिओ या फरकाबद्दल आहे.

थंड देशांतले लोक उन्हाळ्यात पिकवतात आणि हिवाळ्यासाठी साठवतात, कारण त्यांची जमीन हिवाळ्यात गोठते. आपल्या खानदेशात याच्या उलट. आपलं परसबाग भरतं मार्गशीर्ष-पौषात: मेथी, टमाटे, वांगी, वाल, हरभऱ्याचा पाला. आणि वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास गेला, विहिरी खाली गेल्या, की वाफ्यात काही उरत नाही. पुढे पावसाळ्यात भाजी महाग. म्हणून आपण हिवाळा साठवायचा तो उन्हाळ्यासाठी आणि पावसासाठी.

त्यासाठी माघ-फाल्गुनासारखे दिवस नाहीत. पुष्कळांना वाटतं की ऊन जितकं कडक तितकं वाळवण चांगलं. पण ऊन भाजीतलं पाणी फक्त बाहेर आणतं, ते उचलून नेतो कोरडा वारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे हवा कोरडी असते आणि ऊन सोसवेल इतकंच. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पाहिल्या असतील तुम्ही, लाल मिरची मैदानभर पसरलेली. तिथेही एक अवकाळी सर आली की आठ दिवसांची मेहनत जाते. वर सातपुड्यात धडगावकडे कैरी सोलून, फोडी वाळवून आमचूर करतात, तेही याच कोरड्या हवेच्या भरवशावर.

माझा सगळ्यात जीव आहे तो हरभऱ्याच्या पाल्यावर, त्यामुळे त्यावर जरा जास्त बोलते. पेरणीनंतर महिनाभराने, फूल यायच्या आधी, झाडाचे शेंडे खुडायचे. खुडल्याने झाडाला फांद्या फुटतात, म्हणजे भाजीही मिळते आणि घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, त्याही वाढतात. खुडायचं कधी? दव सुकल्यावर, दहाच्या सुमारास. बोटं चाटून बघा, आंबट लागतात. ती आंब, पानांवरच्या केसांतून पाझरणारं आम्ल. त्या आंबटपणातच या भाजीची चव आहे, म्हणून पाला खळखळून धुवायचा नाही. धूळ असेल तर एकदाच पाण्यातून काढायचा आणि फडक्यावर निथळू द्यायचा.

आणि वाळवायचा सावलीत. हे पक्कं लक्षात ठेवा. पालेभाजी थेट उन्हात टाकली की हिरवा रंग जातो आणि त्याबरोबर पानातलं कॅरोटीनही, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते. ओसरीत, सुती कापडावर, एका पानाचाच थर, दिवसातून दोनदा हलवायचा. तीन-चार दिवसांत मुठीत चुरगळला की भुगा होतो. मेथीचंही तसंच, फक्त जाड दांड्या काढून टाका, पान वाळतं तरी दांडी ओली राहते.

आता वांगी. एक गोष्ट आधी सांगते. भरताची वांगी काचऱ्यांना वापरू नका. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते वांगं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या, काड्यांवर भाजण्यासाठीच आहे. जास्त झाली तर भाजा, साल काढा, गर डब्यात भरून फ्रीझरला ठेवा. काचऱ्यांना लहान, काटेरी, जांभळी वांगी घ्या. पाव इंचाच्या चकत्या, सगळ्या एकसारख्या. चिरत जाल तशा मिठाच्या पाण्यात टाका, म्हणजे काळ्या पडत नाहीत. मग चाळणीत तीन-चार मिनिटं वाफवा. वाफेने भाजीच्या आतले विकर (एन्झाइम) थांबतात, नाहीतर वाळल्यावरही रंग आणि चव बिघडत राहते. मग उन्हात.

(कॅमेऱ्याकडे सरकून.)

तीन वर्षांपूर्वी मी हे नेमकं चुकवलं. उतरत्या झाडांची वांगी होती, मे महिना होता. मी चकत्या पत्र्यावर टाकल्या. एका दिवसात कडकडीत! आनंदाने बरणी भरली. आमच्या सासूबाई अमळनेरकडच्या. त्यांनी एक काचरी दाताखाली धरली आणि म्हणाल्या, "आजून कच्चं शे." म्हणजे अजून कच्चं आहे. मी ऐकलं नाही. आषाढात झाकण उघडलं तर आत पांढरी बुरशी आणि कुबट वास. सगळी बरणी फेकली. झालं असं होतं की तापल्या पत्र्याने चकतीची बाहेरची बाजू झटकन कडक केली आणि आतलं पाणी आतच अडकलं. बाहेरून वाळलेली, पोटात ओली. त्यानंतर पत्र्यावर वाळवण मी टाकलेलं नाही. खाट, धोतर, वर पातळ ओढणी. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात.

आणि हो, बुरशी दिसली तर वरची काढून खालची वापरायची नाही. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवूनही जात नाही. तेवढी बरणी गेलीच म्हणून समजा.

आता एक परीक्षा, जी मी तेव्हा केली असती तर बरणी वाचली असती. काचऱ्या पूर्ण गार होऊ द्या. काचेची कोरडी बरणी पाऊणच भरा. झाकण लावा आणि आठवडाभर रोज एकदा हलवा. काचेवर आतून दमट थेंब दिसला, काचऱ्या एकमेकींना चिकटल्या, तर परत खाटेवर. आठ दिवस कोरडी राहिली तरच साठवणीला. त्याआधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवता आलं तर किड्यांची अंडी मरतात. मग फडताळात, अंधारात.

तुम्ही विचाराल, एवढी खटपट कशाला, बाटलीत उकळून सील करू की. मटार, मका, गवार अशा बाटल्या बऱ्याच ठिकाणी दाखवतात. कृपा करून घरी करू नका. या भाज्यांत आंबटपणा नसतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीत, म्हणजे १०० अंशांना, मरत नाहीत, त्यांना दाबाखालची ११६ अंशांच्या वरची उष्णता लागते. हवाबंद बाटलीत ते वाढून विष तयार करतात, आणि बाटली उघडल्यावर वास किंवा रंग बदललेला असेलच असं नाही. लोणचं टिकतं ते मिठाने आणि आंबटपणाने, नुसत्या तेलाने नाही. लसूण तेलात बुडवून कट्ट्यावर महिनाभर ठेवणारे असाल, तर तेही बंद करा.

मटार आणि हरभऱ्याचे ओले दाणे फ्रीझरला छान राहतात. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, पुसून ताटात पसरून गोठवायचे, मग पिशवीत. पण आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जाते, कधी दुपारभर. फ्रीझरमधलं वितळतं, बरणीतल्या काचऱ्यांना लाईट लागत नाही. म्हणून मी फ्रीझरवर कमीच विसंबते.

वाळलेला पाला शिजवायचा कसा, तेवढं सांगते. मूठभर पाला कोमट पाण्यात दहा मिनिटं. तेलात लसूण चांगला लाल होऊ द्या, हिरवी मिरची, मग पाला पिळून घाला. बेसन पाण्यात कालवून ओता, ढवळत राहा, गुठळ्या होऊ देऊ नका. मीठ शेवटी, चाखून, कारण पाल्यात आंब असते. शेजारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि कांदा. बाहेर पाऊस असेल तर दोन भाकरी जास्तच थापा.