हातात एक तास होता

मंडळींनो, नमस्कार. दिवाळी सरली, फराळाचे डबे तळाला आले, पण मेळावा आज आहे, तेव्हा सगळ्यांना मनापासून शुभेच्छा.

समितीनं मला परदेशातल्या पालकपणावर बोलायला सांगितलं होतं. त्यासाठी लिहिलेली चार पानं मी घरीच ठेवून आले आहे. गेल्या रविवारी माझी नऊ वर्षांची मुलगी मला एक वाक्य म्हणाली, आणि त्यानंतर ती चार पानं मलाच वाचवेनात. म्हणून आज फक्त त्या रविवारबद्दल बोलते.

माझे बाबा सध्या आमच्याकडे आहेत. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत, महिनाअखेरीस परत निघतील. त्यांनी इथे आल्यावर एकच गोष्ट मागितली: लंडनला किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर बघायचं. उन्हाळा गेला, शाळेच्या सुट्ट्या गेल्या, आणि मी 'पुढच्या रविवारी' म्हणत राहिले. शेवटी ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ठरला. नवऱ्याची हॉस्पिटलात ड्युटी होती. म्हणजे बाबा, दोन मुलं आणि मी.

सकाळची गडबड तुम्हाला सांगायला नको. ऊठ. दात घास. हे काय घातलंस? बदल. दूध संपव. त्याला मारू नकोस. किती वेळा सांगायचं? पाच वर्षांच्या धाकट्यानं दुधाचा कप बाबांच्या एकुलत्या एका गरम स्वेटरवर सांडला, तेव्हा माझा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असेल. उशीर झालाय, गाडी चुकेल, तुम्हाला कुठे न्यायची सोयच नाही, असं सगळं एका दमात म्हणून झालं. थोरली दारात बसून बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मराठी इज युवर अँग्री लँग्वेज, आई."

ती चिडली नव्हती, उलटून बोलत नव्हती. बाहेर पाऊस पडतोय असं सांगावं तितक्या साध्या सुरात म्हणाली. मराठी म्हणजे आईची रागावायची भाषा. बाबा स्वेटर पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

स्टेशनवर पोचलो तर फलाटावर चिटपाखरू नाही. मी फोन काढला. आठ वाजून दहा मिनिटं. स्वयंपाकघरातल्या घड्याळात निघतानाच नऊ वाजले होते. त्या रात्री घड्याळं एक तास मागे गेली होती, आणि आमचं भिंतीवरचं घड्याळ आणि ओव्हनचं घड्याळ मी मागे केलंच नव्हतं. म्हणजे तो सगळा आरडाओरडा ज्या उशिरासाठी चालला होता, तो उशीर झालाच नव्हता. आमच्या हातात अख्खा एक तास होता. दूध सावकाश पिता आलं असतं. स्वेटर धुता आला असता. मी फलाटावरच्या बाकावर बसले आणि मुलीला काय सांगावं ते मला कळेना.

यूस्टनला उतरलो आणि नॉर्दर्न लाइन धरली. तिला उत्तरेकडे दोन फाटे आहेत हे इथे वीस वर्षं राहिलेल्यांनाही ऐन वेळी आठवत नाही. आम्हाला एजवेअरच्या फाट्यावरचं चॉक फार्म हवं होतं, आणि आम्ही बसलो हाय बार्नेटच्या गाडीत. केंटिश टाउनची पाटी दिसली तेव्हा चूक कळली. उतरलो, उलट्या दिशेची गाडी घेऊन कॅम्डन टाउनला आलो. तिथे उतरताना धाकट्याच्या एका पायातला बूट निसटला आणि गाडी-फलाटामधल्या फटीतून थेट रुळांवर गेला. कर्मचारी धावत आला. गाड्या चालू असताना खाली कुणी उतरणार नाही, मिळाला तर नंतर कळवू, म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. मुलगा एका पायात बूट आणि एका पायात ओला मोजा घालून उभा. माझ्या ओठांवर आलं, 'तरी सांगत होते, घट्ट बांध.' मराठीतच आलं. थोरली माझ्याकडे बघत होती. मी गिळलं.

बाबांनी त्याला पाठुंगळी घेतलं. सत्तरी उलटलेला माणूस, नातवाला पाठीवर घेऊन कॅम्डनच्या रस्त्यावरून चालला होता आणि त्याला म्हणत होता, "घोडा दमला की सांग रे, चारा घालायला लागेल." एक चॅरिटी शॉप उघडायची वाट बघत आम्ही पायरीवर बसलो. तिथे त्याच्या मापाचे एकच बूट होते, जांभळे, पावसाळी, चार पौंडांचे. तो इतका खूश झाला की जुना बूट आठवेनासा झाला.

त्या पायरीवर मला स्वारगेट आठवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. साताऱ्याची एसटी माझ्यामुळे चुकली होती. मी पेरूवाल्यापाशी रेंगाळले, आणि बाबा पिशव्या घेऊन धावले तोवर गाडी बाहेर. पुढची दीड तासानं. त्या दीड तासात बाबा मला एकदाही रागावले नाहीत. आम्ही उसाचा रस प्यालो, येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी त्यांनी मला वाचायला लावली, आणि वाईला वाई का म्हणतात यावर एक गोष्ट तिथल्या तिथे रचून सांगितली. बाबा रागावायचे नाहीत असं नाही. चांगले रागावायचे. पण त्यांच्या मराठीत राग हा एक कोपरा होता. बाकी घर मोठं होतं.

किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या घरावर निळी पाटी आहे. बाबासाहेब 1921 आणि 1922 मध्ये इथे राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं. आपल्यापैकी किती जण तिथे गेलोय? मी इतकी वर्षं लंडनच्या पाऊण तासावर राहते आणि परवा पहिल्यांदा गेले, तेही बाबांनी मागितलं म्हणून. टॉवर ब्रिजला मात्र प्रत्येक पाहुण्याबरोबर जाऊन आलेय. हे तुम्हालाही सांगते आणि स्वतःलाही.

आत बाबा हळू आवाजात मुलांना सांगत होते. बाबासाहेब आधी 1916 ला लंडनला आले होते. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत जावं लागलं. ते एका बोटीनं गेले आणि त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीनं. पहिल्या महायुद्धाचे दिवस. ती दुसरी बोट पाणबुडीनं बुडवली. सगळी पुस्तकं समुद्रात.

धाकटा आपल्या जांभळ्या बुटांकडे बघत म्हणाला, "माझा बूटपण."

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "हो, तुमचं दोघांचंही सामान वाटेत गेलं. मग त्यांनी काय केलं माहीत आहे? तीन वर्षांनी परत आले. पुन्हा वाचायला बसले, पुन्हा लिहायला बसले. 1923 मध्ये डॉक्टर झाले."

आणि माझी थोरली मराठीत बोलली. वाक्य मोडकं होतं, जसंच्या तसं सांगते. "आजोबा, ते रडला का, बुक्स गेली तेव्हा?"

ती माझ्याशी घरात कधी मराठी बोलत नाही. मी मराठीत म्हणते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आम्ही दोघी पुढे जातो. हा प्रश्न तिला खरोखर पडला होता, आणि ज्यांना विचारायचा होता त्यांची भाषा मराठी होती. बाबा म्हणाले, "रडले असतील गं. कुणी पाहिलं नसेल." मग त्यांनी सांगितलं की इथे असताना बाबासाहेबांचा मुलगा यशवंत मुंबईत होता, तुझ्याच वयाचा, आठ-नऊ वर्षांचा. रमाबाई तिकडे घर ओढत होत्या. प्रबंध इंग्रजीत लिहायचा होता, पण घरी पत्रं जायची ती मराठीत. आणि लंडनला निघायच्या आधी, त्याच वर्षीच्या जानेवारीत, त्यांनी 'मूकनायक' सुरू केला होता, तोही मराठीत. ज्यांना बोलू दिलं जात नव्हतं त्यांचं बोलणं छापायला. मुलगी ऐकत राहिली. बाबांनी मध्येच एकही आज्ञा दिली नाही. हात लावू नकोस नाही, नीट उभी राहा नाही.

मी मागे उभी राहून मोजत होते, मी सकाळपासून मराठीत काय काय बोलले. सगळी क्रियापदं आज्ञार्थी.

मंडळींनो, आपण सगळे एक वाक्य म्हणतो. "आमच्या मुलांना सगळं कळतं हो, फक्त बोलत नाहीत." मीही म्हणते, अभिमानानं म्हणते. आता विचारावंसं वाटतं, काय कळतं? बस, ऊठ, जेव, गप्प बस, पसारा आवर. एवढं तर कळणारच. रविवारी मराठी शाळा सुटते तेव्हा या हॉलच्या दारात उभं राहून ऐका. कोट घाल, पिशवी घे, बाईंना नमस्कार कर, हे मराठीत. आणि मुलानं कागद दाखवला की "वाव, गुड जॉब!" शाब्बास कुठे गेलं? मुलगी पडली की आपण तिला इंग्रजीत जवळ घेतो. चुकलो तर इंग्रजीत सॉरी म्हणतो. रात्रीची गोष्ट इंग्रजी, कारण पुस्तक इंग्रजी. लाड इंग्रजीत, विनोद इंग्रजीत, गुपितं इंग्रजीत. धपाटा तेवढा मराठीत. आपल्या शाळेतल्या बाई दर आठवड्याला दीड तास जीव तोडून शिकवतात, त्यांना मी काय बोलणार? बाकीच्या वेळात आपण मुलांना मराठीपासून दूर पळायलाच शिकवतो.

त्या संध्याकाळी आम्ही प्रिमरोज हिलवर बसलो. बाबांनी चकल्यांचा डबा उघडला आणि एका मोठ्या काळ्या कुत्र्यानं येऊन त्यात तोंड घातलं. मालकीणबाई लाजून अर्धमेल्या झाल्या. बाबा म्हणाले, "खाऊ दे, त्याचीही दिवाळी." थोरली गवतावर लोळून हसली आणि कुत्र्याला म्हणाली, "खा, खा, अजून खा." खा हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा प्रेमानं ऐकला. घड्याळ मागे गेल्यामुळे पावणेपाचलाच सूर्य बुडाला आणि खाली सगळं लंडन एकदम दिव्यांनी भरलं. बाबा तिला म्हणाले, "दिवेलागण झाली." तिनं शब्द दोनदा म्हणून पाहिला. मी या देशात बारा वर्षं आहे. हा शब्द मी तिच्यासमोर कधी उच्चारलाच नव्हता.

बाबा महिनाअखेरीस जातील. मग हे शब्द कोण बोलणार? मीच, हे उघड आहे. पण मला येतील का, हे मला खरंच माहीत नाही. माझ्याकडे वेळ नसतो असं मी म्हणते, आणि परवा माझ्याकडे एक अख्खा तास होता, तो मी ओरडण्यात घालवला.

आज इथे यायला निघताना पुन्हा तेच. धाकटा दाराशी जांभळे बूट उलटसुलट घालून बसलेला, थोरलीला ओढणी सापडेना. मी तोंड उघडलं, "चला, आव..." आणि थांबले, कारण ती बघत होती. त्या जागी दुसरं काहीतरी म्हणायचं होतं, आणि मला मराठीत सुचेना. आम्ही तिघं तशीच उभी राहिलो. बाबा आतून काही बोलले नाहीत. मग मी खाली बसले आणि त्याचे बूट काढून बरोबर पायांत घालू लागले. थोरली जवळ येऊन बसली. आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो, समितीनं माझा क्रम मागे ढकलला, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते.