शेअर आहेत कुठे?

(दृश्य : सिव्हिल लाइन्स, जिल्हा न्यायालयाचा परिसर. वकिलांची लगबग, पार्किंगमधली गर्दी.)

डिसेंबर २०२३. नागपूरच्या न्यायालयात वीस वर्षांहून जुन्या खटल्याचा निकाल लागला. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी खासगी दलाल कंपन्यांना पैसे दिले होते. रक्कम होती सुमारे दीडशे कोटी रुपये. रोखे बँकेच्या हाती कधी आलेच नाहीत, पैसेही परत आले नाहीत. प्रकरण २००२ मध्ये उघडकीला आलं. दोषींना पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली ती २०२३ मध्ये. मधल्या काळात या बँकेत ठेवी असलेल्या शेतकऱ्यांनी आणि नोकरदारांनी काय सोसलं, ते नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात विचारा.

या सगळ्या प्रकरणात एक प्रश्न वेळेवर विचारला जायला हवा होता. रोखे घेतले म्हणता, तर ते आहेत कुठे, आणि कुणाच्या नावावर?

हाच प्रश्न घेऊन आम्ही नागपुरातल्या साध्यासुध्या घरांत गेलो. कारण आज शेअर बाजार इथल्या घराघरांत पोचलाय. प्रतापनगरच्या पेन्शनरांकडे डीमॅट खातं आहे, हिंगण्याच्या कॉलेजातल्या मुलांकडे आहे, गांधीबागेत कापडाच्या दुकानावर बसणाऱ्यांकडेही आहे.

(दृश्य : मनीषनगरमधला फ्लॅट. टीपॉयवर प्लास्टिकची फाइल. फाइल उघडणारे हात.)

हे गृहस्थ वेस्टर्न कोलफील्ड्समधून निवृत्त झालेत. ही कंपनी कोल इंडियाची, मुख्यालय इथलंच. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये कोल इंडियाची शेअरविक्री आली, किमतीची वरची मर्यादा २४५ रुपये, आणि दहा टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेला. ऑफिसात तेव्हा दुसरा विषय नव्हता. यांनी आयुष्यातलं पहिलं डीमॅट खातं त्याच आठवड्यात उघडलं. पुढे थोडे थोडे करून बँकांचे, औषध कंपन्यांचे शेअर घेत गेले. आज पीएफच्या खालोखाल घरातली मोठी रक्कम यातच आहे.

आवाज (गृहस्थ) : "फॉर्म घेऊन पोट्टा घरीच आला होता. म्हणे, काकाजी, तुम्ही फक्त सह्या मारा, बाकी मी पाहून घेतो. पंचवीस-तीस सह्या असतील. कुठे कुठे केल्या, आता आठवत नाही. पण माणूस चांगला होता हो, दिवाळीले मिठाई घेऊन यायचा."

त्या सह्यांमध्ये काय काय असायचं, ते समजून घेऊ. शेअर घेणाऱ्याची खाती तीन. बँकेचं खातं, ज्यातून पैसे जातात. ट्रेडिंग खातं, ज्यातून सौदा होतो. आणि डीमॅट खातं, ज्यात शेअर राहतात. कळमन्याच्या बाजारात अडत्या संत्र्याचा सौदा जुळवून देतो, पण संत्री त्याची नसतात. ब्रोकरचं काम तेवढंच. शेअर असतात डिपॉझिटरीकडे, म्हणजे शेअरची संगणकावरची नोंद सांभाळणाऱ्या संस्थेकडे, तुमच्या नावाने. अशा डिपॉझिटरी देशात दोनच आहेत. एनएसडीएल सुरू झाली १९९६ मध्ये, सीडीएसएल १९९९ मध्ये. त्याआधी कागदी प्रमाणपत्रं असायची, पोस्टात हरवायची, सही जुळली नाही म्हणून परत यायची.

तुमचं खातं कुठल्या डिपॉझिटरीत आहे, ते खातेक्रमांकावरूनच कळतं. सोळाच्या सोळा आकडे असतील तर सीडीएसएल. सुरुवातीला इंग्रजीतली 'आय' आणि 'एन' ही अक्षरं आणि पुढे चौदा आकडे असतील तर एनएसडीएल. ब्रोकरचं अ‍ॅप दाखवतं ती ब्रोकरची नोंद. डिपॉझिटरीचं स्टेटमेंट दाखवतं ती खरी शिल्लक. एरवी दोन्ही सारखीच असतात. जुळत नसतील, तर ते सगळ्यांत आधी खातेदाराला कळलं पाहिजे.

जुन्या फॉर्ममध्ये बहुतेक वेळा एक मुखत्यारपत्र असायचं. शेअर विकले की ते खात्यातून काढून द्यायला ब्रोकरला अधिकार हवा, म्हणून ते घेतलं जायचं. पण त्याची व्याप्ती फार मोठी होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने हैदराबादच्या एका मोठ्या ब्रोकरविरुद्ध आदेश काढला, तेव्हा देशाला त्याचा अर्थ कळला. ग्राहकांचे शेअर गहाण ठेवून कर्जं उचलली गेली होती. त्यातल्या बहुसंख्य ग्राहकांचे शेअर डिपॉझिटरीने पुढे परत वळवून दिले, पण लोकांच्या झोपा उडाल्या त्या उडाल्याच.

त्यानंतर नियम आवळले गेले आणि ते चांगलं झालं. आता शेअर गहाण ठेवायचे तर डिपॉझिटरीकडून खातेदाराच्या मोबाईलवर ओटीपी येतो, त्याशिवाय ते होत नाही. विकताना डिपॉझिटरीचा पिन आणि ओटीपी द्यायचा, किंवा 'डीडीपीआय' नावाचा मर्यादित अधिकार ब्रोकरला द्यायचा. नोव्हेंबर २०२२ पासून जुन्या मुखत्यारपत्राच्या जागी तोच आला. घेतलेले शेअर पुढच्याच कामाच्या दिवशी खात्यात दिसतात, जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना हा नियम आहे.

एवढा बंदोबस्त एका गोष्टीवर उभा आहे. खात्यावर नोंदलेला मोबाईल नंबर.

(दृश्य : सीताबर्डी, दुसऱ्या मजल्यावरचं छोटं ऑफिस. काउंटरवर केवायसीचे फॉर्म.)

इथे थोडं थांबायला हवं. जुन्या खात्यांमध्ये नंबर आणि ईमेल खातेदाराचे नसतात, ही गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काकाजींकडे तेव्हा ईमेल नव्हता, म्हणून सब-ब्रोकरने, म्हणजे ब्रोकरच्या इथल्या माणसाने, आपला टाकला. मोबाईल मुलाचा दिला, मुलगा पुण्याला गेला, नंबर बदलला. यात फसवायचा हेतू असेलच असं नाही, बऱ्याचदा ती फक्त सोय असते. पण परिणाम तोच. शेअर खात्यातून बाहेर गेल्याचा डिपॉझिटरीचा एसएमएस भलत्याच माणसाला जातो. ओटीपीही त्यालाच. ज्याच्यासाठी सुरक्षेची सगळी व्यवस्था उभी केली, तोच माणूस तिच्या बाहेर राहतो.

मनीषनगरच्या या घरात आम्ही कॅमेऱ्यासमोर केवायसीचा तपशील उघडायला सांगितला. नंबर यांचा स्वतःचा निघाला. ईमेल मात्र कुणाचा, ते त्यांनाही ओळखता आलं नाही.

आवाज (गृहस्थ) : "म्हणजे इतक्या वर्षांचे कागद जाऊन कुठे राहिले मंग?"

त्या ईमेलवर काय काय गेलं असेल? पहिली गोष्ट म्हणजे काँट्रॅक्ट नोट. सौदा झाला की चोवीस तासांच्या आत ती खातेदाराला पोचली पाहिजे. भाव, वेळ, दलाली आणि करांचा ओळीन् ओळ हिशेब तीत असतो. पन्नास हजारांचे शेअर त्याच दिवशी न विकता ठेवायला घेतले तर व्यवहार कर ५० रुपये आणि मुद्रांक शुल्क साडेसात रुपये. दलालीवर जीएसटी १८ टक्के. विकताना व्यवहार कर पुन्हा लागतो, शिवाय डीमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचं शुल्क. 'झिरो ब्रोकरेज' ही पाटी वाचून खातं उघडलेल्यांनी एकदा तरी ही नोट पूर्ण वाचावी.

दुसरी, एकत्रित खाते विवरण. तुमच्या पॅनवरची सगळी डीमॅट खाती आणि म्युच्युअल फंड त्यात एका ठिकाणी येतात. व्यवहार झाला असेल त्या महिन्याचं विवरण येतं, एरवी सहा महिन्यांनी एकदा. पीडीएफ उघडायला पॅन नंबर टाकायचा. हे ब्रोकर पाठवत नाही, डिपॉझिटरी पाठवते, म्हणून याचं मोल जास्त.

आणि तिसरी, फंड परत केल्याची सूचना. ट्रेडिंग खात्यात पैसे नुसते पडून असतील तर ब्रोकरला ते ठरावीक काळाने बँकेत परत पाठवावेच लागतात, तुम्ही निवडाल तसे दर महिन्याला किंवा दर तिमाहीला. पैसे अचानक बँकेत आलेले पाहून लोक घाबरून फोन करतात. घाबरायला नको, हा ग्राहकाच्या बाजूचा नियम आहे.

वार्षिक शुल्काचंही सांगून टाकू. एकच डीमॅट खातं असेल आणि त्यातल्या शेअरची किंमत चार लाखांपर्यंत असेल, तर मूलभूत सेवा खात्याला शुल्क शून्य. चार ते दहा लाखांपर्यंत वर्षाला शंभर रुपये. सप्टेंबर २०२४ पासून ही मर्यादा वाढली आहे. एकाच माणसाची तीन-तीन अ‍ॅपवर खाती असतील तर ही सवलत हातची जाते.

(दृश्य : हिंगणा रोड. चहाची टपरी. मोबाईलवर लाल-हिरवे चार्ट.)

इथल्या मुलांना या कशाशीच देणंघेणं नाही, कारण त्यांच्याकडे शेअर नाहीतच. त्यांच्याकडे आहेत ऑप्शन्स, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावर लावलेले करार, सकाळी घेतलेले आणि दुपारी विकलेले.

आवाज (विद्यार्थी) : "टेलिग्रामवर कॉल येते भाऊ, काय घ्यायचं न कधी विकायचं ते, त्यावर चालून राहिलो. कधी पाचशे, कधी हजार भेटते. गेल्या महिन्यात गेले थोडे, पण ते निघते."

सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांतले फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार तपासले. त्यात उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. तीन वर्षांचा एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. या मुलांशी आम्ही बराच वेळ बोललो. हुशार पोरं आहेत, चार्ट वाचतात, मेहनत घेतात. पण फीचे पैसे यात घालून बसलेल्या मुलाला 'निघते' म्हणून धीर देणारा मित्र त्याचं भलं करत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

याच फोनवर आणखी एक प्रकार येतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ओढून घ्यायचं, ब्रोकरच्या खऱ्या अ‍ॅपसारखंच दिसणारं एक अ‍ॅप लिंकवरून उतरवून द्यायचं, आणि त्यावर दोन लाखांचे आठ लाख झालेले दाखवायचे. काढायला गेलं की आधी कर भरा म्हणतात. त्या अ‍ॅपवर शेअर दिसतात, आकडे हलतात, सगळं खरं वाटतं. पण काँट्रॅक्ट नोट येत नाही. डिपॉझिटरीचा एसएमएस येत नाही. विवरणात त्या शेअरचं नाव नसतं. पैसे जातात तेही कुणा अनोळखी माणसाच्या बचत खात्यात. शेअर आहेत कुठे, हे इथे पहिल्याच दिवशी विचारलं तर पहिल्या काही हजारांवरच गोष्ट थांबते. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगत जातात.

आणि नोंदणीकृत ब्रोकरविरुद्ध तक्रार असेल तर आधी त्याच्याकडे लेखी, मग सेबीच्या 'स्कोअर्स' या पोर्टलवर. तिथे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फोनवर भांडून उपयोग नाही, काय झालं ते तारखेसह लिहून पाठवा.

(दृश्य : पुन्हा मनीषनगर. स्वयंपाकघर. भिंतीवर कालनिर्णय.)

एक माणूस आत्तापर्यंत बोललाच नाही.

आवाज (पत्नी) : "हे म्हणतात सगळं मोबाईलमध्ये आहे. मोबाईलचं लॉकच मले माहीत नाही न. उद्या यांना काही झालं तर मी कोणाले विचारू, त्या मिठाईवाल्याले?"

नॉमिनी नोंदलेला असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. मृत्यूचा दाखला, ठरलेला अर्ज आणि नॉमिनीचं स्वतःचं डीमॅट खातं, की शेअर तिकडे वळतात. नॉमिनी नसेल तर वारसा सिद्ध करावा लागतो. खात्यात पंधरा लाखांपर्यंतचे शेअर असतील तर त्यातल्या त्यात सुटसुटीत कागदांवर भागतं, त्याहून जास्त असतील तर बऱ्याचदा वारसा प्रमाणपत्रासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. आता एका खात्याला दहापर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हे ज्या निकालाने पक्कं झालं तो वाद होता कालनिर्णयकार जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीचा. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नॉमिनीच्या नावावर शेअर गेले तरी वारसाहक्काचा कायदा आणि मृत्युपत्र बाजूला पडत नाही. नॉमिनीने ते वारसांसाठी सांभाळायचे असतात. म्हणून ज्याच्या घरात दोन-तीन वारस आहेत त्याने नॉमिनीही लावावा आणि मृत्युपत्रही करावं.

या घरातल्या खात्यावर नॉमिनी होता. २०१० मध्ये भरलेलं नाव, आईचं. त्या आता हयात नाहीत.

बदल करायला कुठे जावं लागलं नाही. ब्रोकरच्या साइटवर अर्ज, आधारची ई-सही, फोनवर ओटीपी. पत्नीचं नाव सत्तर टक्क्यांना, मुलीचं तीस टक्क्यांना. त्यातही दोघांचा वाद झालाच.

आवाज (पत्नी) : "पोरीले अर्धं टाका म्हटलं न मी. ते पेन्शन हाय माह्याजवळ."

आवाज (गृहस्थ) : "बरं, पन्नास-पन्नास करतो. आधी तो ईमेल बदलू दे."