तिसरा दिवस मोजायचा कसा?

(उपवासकाळात वसईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे तो असा: येशूला क्रुसावर कोणत्या वारी दिलं, यहुद्यांच्या चांद्र पंचांगातल्या निसान महिन्याची तारीख 14 होती की 15, आणि साल कोणतं. या तिन्ही प्रश्नांपर्यंत मी येणार आहे. पण आधी मोजणीबद्दल बोलायचंच आहे. ती समजली नाही तर पुढचं सगळं वाळूवर बांधल्यासारखं होईल.

राखेचा बुधवार झाला की दरवर्षी पत्रकं फिरायला लागतात, हल्ली मोबाइलवर. मजकूर ठरलेला. बायबलात मत्तय 12:40 मध्ये येशू सांगतो की योना माशाच्या पोटात तीन दिवस आणि तीन रात्री होता, तसा मनुष्याचा पुत्र भूमीच्या पोटात राहील. तीन दिवस आणि तीन रात्री म्हणजे 72 तास. आता शुक्रवारी दुपारी तीनला प्राण गेला, रविवारी पहाटे कबर रिकामी सापडली. हे तास चाळिसाच्या आतच भरतात. म्हणून शुक्रवार चुकीचा. क्रूस बुधवारी, आणि पुनरुत्थान शनिवारी सूर्यास्ताला. वाचणारा गोंधळतो. जन्मभर शुक्रवारचा कडक उपास केलेल्या आजीला नातू विचारतो, आजी, तू चुकीच्या वारी उपास केलास का? आजीकडे उत्तर नसतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण उत्तर तिच्या रोजच्या बोलण्यात आहे.

गणपती घ्या. कोकणात दीड दिवसाचा गणपती घरोघरी. चतुर्थीला सकाळी मूर्ती बसली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन. 36 तास भरले का, हे कोणी घड्याळात पाहतं? पाच दिवसांचा गणपती 2025 साली बुधवारी 27 ऑगस्टला बसला आणि रविवारी 31 ऑगस्टला गेला. बुध, गुरू, शुक्र, शनि, रवि. बसवल्याचा दिवस धरला, उठवल्याचा धरला, दोन्ही अर्धेमुर्धे असले तरी. तासांनी मोजलं तर पाच दिवस सोमवारी भरले असते.

त्याहून जवळचं उदाहरण आहे, आणि ते दुःखाचं आहे. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे माणूस शुक्रवारी दुपारी गेला, तर तिसऱ्या दिवशी राख सावडायला रविवारी सकाळी जातात. सोमवारी नाही. गेल्याचा दिवस पहिला. दहावा, बारावा, तेरावा, सगळे याच हिशोबाने. शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ, तिसरा दिवस. आणखी काय हवं?

आणि आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा आज रविवार असेल तर पाहुणा कधी येतो? पुढच्या रविवारी. मध्ये दिवस सातच, पण दोन्ही रविवार धरून आठ. आता योहान 20:26 उघडा. थोमा पहिल्या रविवारी शिष्यांत नव्हता. येशू पुन्हा आला तो ‘आठ दिवसांनी’. ख्रिस्तसभेने तो पुढचा रविवारच मानला. मराठी वाचकाला इथे टीप लागत नाही.

ही मोजणी आपण शास्त्रावर लादतो आहोत असं कोणी म्हणेल. तसं नाही. एस्तेरच्या ग्रंथात राणी सांगते, तीन दिवस, रात्र नाही की दिवस नाही, काही खाऊ-पिऊ नका (4:16). आणि राजापुढे ती जाते कधी? तिसऱ्या दिवशी (5:1). यरुशलेमी तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, रब्बी एलाझार बेन अझर्याचं मत नोंदलेलं आहे: दिवस आणि रात्र मिळून एक कालखंड, आणि त्याचा अंश म्हणजे तो पूर्ण. सगळ्यात पक्की साक्ष तर विरोधकांची. मत्तय 27:63-64 मध्ये मुख्य याजक रोमन सुभेदार पिलाताला सांगतात की हा ‘तीन दिवसांनंतर’ उठेन असं म्हणाला होता, म्हणून ‘तिसऱ्या दिवसापर्यंत’ पहारा ठेवा. 72 तास त्यांच्या मनात असते तर त्यांनी चौथ्या दिवसापर्यंत शिपाई मागितले असते.

मोजणीचा दुसरा अर्धा भाग मात्र आपल्याला अनोळखी आहे. आपली तिथी सूर्योदयाला धरतात, यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. हे पाहायला यरुशलेमला जायला नको. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, शुक्रवारी सूर्य मावळला की तेलाचा घाणा थांबवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली नाव दिलं. शुक्रवारची रात्र त्यांच्या हिशोबी शनिवार. त्यांच्यात एक सण होता, अनाशी ढाकाचा सण. आंबट कालवणाचं भांडं झाकून ठेवायचं. का झाकायचं, ते काळाच्या ओघात विसरलं गेलं होतं, पण आंबवलेलं दूर ठेवायचं ही चाल टिकली. हाच यहुद्यांचा वल्हांडण, बेखमीर म्हणजे न आंबवलेल्या भाकरीचा सण. शास्त्राची पोथी हातात नसताना कोकणच्या किनाऱ्यावर तो सण पिढ्यान्‌पिढ्या झाकलेल्या भांड्याच्या रूपाने जगला. मला ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

सूर्यास्ताचा हिशोब लावला की काय होतं पाहा. आपण ज्याला गुरुवारची रात्र म्हणतो ते शेवटचं भोजन, गेथशेमानेतली अटक, पिलातापुढची चौकशी, क्रूस आणि कबर, हे सगळं एकाच दिवसात येतं. तो दिवस शुक्रवार, आणि येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक, योहान) तिथे एक आहेत: दुसऱ्या दिवशी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, होता. वाद फक्त तारखेचा आहे.

फादरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आहे, तेव्हा आता भरभर.

मार्क 14:12 प्रमाणे वल्हांडणाचा कोकरा ज्या दिवशी कापतात त्या दिवशी शिष्यांनी तयारी केली. म्हणजे रात्रीचं जेवण निसान 15, आणि क्रूसही 15 ला. योहान 18:28 प्रमाणे विटाळ होऊ नये म्हणून याजक पिलाताच्या वाड्यात शिरले नाहीत, कारण त्यांना वल्हांडणाचं जेवण अजून जेवायचं होतं. म्हणजे क्रूस निसान 14 ला. माझा कौल 14 ला आहे. मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, दिलेल्या यरुशलेमच्या मंदिराच्या वेळा लावून पाहा. रोजचं सायंअर्पण एरवी साडेआठव्या तासाला कापायचे, वल्हांडणाच्या आदल्या दिवशी साडेसातव्या, आणि तो दिवस शुक्रवार असेल तर साडेसहाव्या तासाला, म्हणजे दुपारी साडेबाराला. त्यानंतर कोकरे. लोक तीन तुकड्यांत आत घ्यायचे, दारं बंद व्हायची, शिंग फुंकायचं. याजक रांगेने उभे, एक रांग चांदीच्या वाट्यांची, एक सोन्याच्या. वाट्यांना बुड सपाट नसे, कारण कोणी खाली ठेवली तर रक्त गोठेल. भरलेली वाटी हातोहात वेदीपर्यंत जाई, रिकामी परत येई. सोलायला भिंतीत आणि खांबांत लोखंडी आकडे. जागा नसेल तर दोघांच्या खांद्यावर काठी टाकून. त्या दुपारी नवव्या तासाला, तीनच्या सुमारास, वेशीबाहेर येशूचा प्राण गेला. ख्रिस्त आपला वल्हांडणाचा कोकरा, हे पौलाने 1 करिंथ 5:7 मध्ये लिहिलं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या कितीतरी आधी. आणि त्याच पत्रात तो उठलेल्या येशूला प्रथमफळ म्हणतो. 14 शुक्रवार धरला तर रविवार निसान 16, मंदिरात जवाची पहिली पेंढी ओवाळायचा दिवस.

दोन्ही बाजू जुळवायचेही प्रयत्न झाले. फ्रेंच संशोधक अ‍ॅनी जोबेर यांनी 1957 मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या यहुदी पंथाच्या 364 दिवसांच्या पंचांगावरून भोजन मंगळवारी रात्री नेलं. अडचण एवढीच की कोकरे मंदिरात कापायचे होते, आणि मंदिर त्या पंचांगावर चालत नव्हतं. येशू क्रुसावर असताना अंधार पडला ते सूर्यग्रहण होतं असंही वाचायला मिळतं. निसान 14-15 म्हणजे पौर्णिमा, आणि पौर्णिमेला सूर्यग्रहण होत नाही, हे अर्नाळ्याच्या कोळ्याला सांगावं लागत नाही. शिवाय खग्रास स्थिती साडेसात मिनिटांच्या वर टिकत नाही, आणि अंधार तीन तासांचा सांगितला आहे.

साल. पिलाताची कारकीर्द इ. स. 26 ते 36. या काळात निसान 14 शुक्रवारी येण्याची दोन भक्कम वर्षं: 7 एप्रिल 30 आणि 3 एप्रिल 33. महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू व्हायचा आणि जव पिकला नसेल तर तेरावा महिना घालायचे, त्यामुळे नुसत्या गणिताने वाद मिटत नाही. 33 च्या बाजूने त्या संध्याकाळचं चंद्रग्रहण आहे, आणि लूकने दिलेलं रोमन सम्राट तिबेरियसच्या राज्याचं पंधरावं वर्षही. मी 30 कडे झुकतो. योहान 2:20 मध्ये मंदिराच्या बांधकामाला 46 वर्षं झाल्याचं म्हटलं आहे. हेरोद राजाने काम इ. स. पू. 20-19 च्या सुमारास काढलं, म्हणजे तो वल्हांडण साधारण 28 चा, आणि योहानातला तिसरा वल्हांडण 30 चा.

बुधवारवाल्यांचा एक मुद्दा मात्र दमदार आहे. मार्क 16:1 म्हणतो स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं शब्बाथ सरल्यावर विकत घेतली, लूक 23:56 म्हणतो शब्बाथाआधी तयार केली. म्हणून मध्ये कामाचा दिवस हवा, शब्बाथ दोन हवेत, एक सणाचा आणि एक शनिवारचा. माझ्या मते घरात होतं तेवढं शुक्रवारी तयार केलं आणि कमी पडलं ते शनिवारी सूर्यास्तानंतर आणलं, एवढ्याने दोन्ही वाक्यं उभी राहतात. उलट, अम्माऊसच्या वाटेवर रविवारी क्लयपा म्हणतो की या गोष्टी घडल्याला आज तिसरा दिवस आहे. लूक 24:21. बुधवारपासून मोजा, रविवार पाचवा येतो. ज्यांच्याकडे ती पत्रकं आहेत त्यांनी हे वचन शेजारी उघडून ठेवावं. चहानंतर मी इथेच बसलो आहे.